रांगेतले शेवटचे काका

नेरूळमध्ये मतदान नेमकं शनिवारी आलं. रूबेनकाका अष्टमकर ज्यू. शनिवार म्हणजे त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस; त्या दिवशी ते घरातल्या दिव्याचंही बटण दाबत नाहीत. पण मत कधी चुकवलेलं नाही. म्हणून वेळ संपता संपता ते रांगेत येऊन उभे राहिले आणि मागच्या प्रत्येकाला म्हणाले, "तुमी व्हा पुढे."

गेट बंद झालं. रांग संपली. उरले काका.

"काका, बटण दाबा, म्हणजे आमी सुटलो," केंद्राध्यक्ष शर्मिला मॅडम म्हणाल्या.

"आकाशात तीन तारे दिसू द्या. तोवर माझा शनिवार संपत नाही."

"असा नियम कुठे आहे?"

"माझ्या धर्मात. आणि तो पाळायचा हक्क तुमच्या घटनेत. गेट बंद होण्याआधी रांगेत होतो ना मी?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग हवालदार, शिपाई आणि सगळ्या पक्षांचे पोलिंग एजंट घेऊन त्या मैदानात गेल्या.

थोड्या वेळाने वरून फोन आला. "मशीन अजून सील का नाही?"

"सर, दोन तारे दिसलेत," मॅडम वर बघतच म्हणाल्या. "तिसराही सापडला होता, पण ते विमान निघालं."