अकरा तारखेला संपणारा महिना

विश्वनाथराव कोर्टातून परतले तेव्हा यमुताई जिन्याच्या पायथ्याशी खुर्चीतच बसल्या होत्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना जिना चढता येत नव्हता. सकाळी दवाखान्यात जायचं म्हणून दोघांनी त्यांना खुर्चीसकट खाली उतरवलं होतं. शेजारच्या चारुशीलाबाई रिक्षानं परत आणून सोडून गेल्या. पण वर न्यायला पुन्हा तेच दोघं लागणार होते. एक नवरा. दुसरा तळमजल्यावरचा भाडेकरू रुपराव. उतरवून झाल्यावर ते दोघं एकमेकांविरुद्ध कोर्टात उभं राहायला निघून गेले होते.

"काय झालं?" यमुताईंनी विचारलं.

"फेटाळला दावा." विश्वनाथरावांनी छत्री भिंतीशी आपटली. "घर सोडायची नोटीस द्यायला भाडे नियंत्रकाची परवानगी मिळवता मिळवता चपला झिजल्या. आता न्यायाधीश म्हणतात, नोटीसच चुकली. पंधरा दिवस दिले ते बरोबर, पण मुदत तीस तारखेला संपवली. हा त्रेसष्ट साली बारा तारखेला राहायला आला, म्हणून याचा महिना अकराला संपतो. मुदतही अकरालाच संपायला हवी होती म्हणे. आपल्या वकिलाला एवढं कळू नये? आता पुन्हा नोटीस, पुन्हा दावा."

फाटकाशी सायकल वाजली. कोर्टासाठी घातलेला इस्त्रीचा सदरा अजून रुपरावच्या अंगावर होता.

"लय वेळ बसल्या काय काकू?" त्यानं सायकल टेकवली, बाह्या वर सारल्या. "धरा काका."

विश्वनाथरावांना नेमकं हेच सहन होत नसे. हा माणूस दोन शब्द वाकडे बोलला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी खुर्चीची पाठ धरली आणि ते उलटे चढू लागले. रुपरावनं खालून खुर्चीचे पाय उचलले. सगळं वजन त्याच्याकडे आलं.

अर्ध्या जिन्यात विश्वनाथरावांना राहवलं नाही.

"नियंत्रकासमोर तुमचा वकील काय म्हणाला होता? बाईंना उचलायला माणूस आहे, मग खालचं घर कशाला हवं! तो माणूस म्हणजे तुम्हीच की."

"खोटं तं नाही बोलला तो."

"अहो, मग सरळ घर सोडा ना. काहून छळता?"

"खोल्या पाहूनच राहिलो काका. वाडीले गोदामामागं एक भेटते, पण तिथं रातभर ट्रकवाले राहते. तीन पोरी घेऊन जाऊ कसा? कोर्टानं सांगतलं का जाईन."

"आणि ही खुर्ची? ती कोणत्या कोर्टानं उचलायला सांगितली?"

रुपराव आणखी एक पायरी चढला. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता. हात अडकलेले, त्यानं खांद्यालाच तोंड पुसलं.

"घर तुमचं हाये," तो म्हणाला. "खुर्ची काकूची हाये."

विश्वनाथरावांचा संताप हातांत उतरला. खुर्ची कलली. यमुताईंनी झटकन कठडा पकडला.

"घर सोडायचं की नाही, ते खाली जाऊन भांडा," त्या म्हणाल्या. "इथं मात्र दोघांपैकी कोणी सोडू नका."