काळी पट्टी

सोसायटीचं अॅप प्रियदर्शनीनेच बनवलेलं. फोन डार्क मोडवर टाकला की सगळं काळं व्हायचं, खालची बटणांची पट्टी मात्र पांढरीफटक. अख्खा रविवार घालवून तिने तीही एकदाची काळी केली.

सोमवारी सकाळीच चेअरमन बद्रीनाथकाका तणतणत दारात. “अहो, बागेत सहा जणांच्या फोनला काळी फीत! निषेधच करायचा होता, तर तोंडाने सांगायचं!”

“काका, तो डार्क मोड आहे.”

“नाव काहीही ठेवा. लिफ्ट होईल दुरुस्त!”

आठ महिने बंद असलेली लिफ्ट संध्याकाळी सुरू झाली.

पुढच्या महिन्यात दोन दिवस पाणी आलं नाही, तशा तळमजल्यावरच्या सुशीलाबाई फोन घेऊन लिफ्टने वर आल्या.



“अगं, माझाही निषेध जरा चालू करून दे.”