मोत्यासारखं अक्षर

पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादच्या कचेरीतली उर्दू गेली, मराठी आली. घरी मराठी, पण शाळा सगळी उर्दूत झालेल्या व्यंकटरावांनी पहिला मराठी अर्ज सवयीनं उजवीकडून लिहायला घेतला, तेव्हा नवे साहेब पोट धरून हसले. व्यंकटरावांनी लेकीची पाटी घेतली. रोज पहाटे अक्षरं गिरवता गिरवता त्यांच्या मनातला जाळ विझला. त्यांचं पाहून शेजारच्या टेबलावरचे पन्नाशीचे करामतमियाँही दुपारच्या सुट्टीत पाटीवर ‘क’ काढू लागले. वर्षभरानं साहेब म्हणाले, “मोत्यासारखं अक्षर झालं तुमचं. ही यादी तुम्हीच लिहा.” मराठी येत नाही म्हणून नोकरीवरून काढलेल्यांची यादी. व्यंकटरावांनी ती शांतपणे लिहिली, भिंतीवर डकवली. मथळ्यातली जोडाक्षरं जमेनात, म्हणून करामतमियाँ खालच्या नावांवरून बोट फिरवत गेले. “क…रा…म…त!” ते हरखून वळले. “मराठी पढ लिया मैं, व्यंकटराव!”