सोमवारचा निरोप

"मावशी, एवढं ऐका. गाडीवर बसा फक्त. नेतो आन् आनतो."

येसूबाईनं पदर खोचला. "मला कायबी झालं न्हाई, नवाज. कशाला जिवाला घोर लावतूस?"

नवाज तिच्या ओट्यावर टेकला. तिच्या घराकडचा हा चढ हल्ली त्याला दोनदा थांबून चढावा लागे. वय कुणाला चुकलंय? त्यानं खिशातून फोन काढून तोच मेसेज पुन्हा वाचून दाखवला. आपला तपासणी अहवाल तयार आहे. त्वरित संपर्क साधा.

लोणावळ्याच्या धर्मादाय दवाखान्यातून हा मेसेज दर सोमवारी येत होता. आजचा सहावा.

कुरवंड्याच्या या वस्तीत धड रेंज मिळे ती नवाजच्या किराणा दुकानातच. दवाखान्याचं रक्ततपासणी शिबिर झालं, तेव्हा मोबाईल नंबर टाकल्याशिवाय नवा कॉम्प्युटर पुढंच सरकेना. मग सगळ्यांनी नवाजचाच नंबर दिला. तो दिवसभर टेबलाशी उभा राहून एकेकाचं नाव, वय सांगत होता. लोक उपाशीपोटी रक्त द्यायचे आणि सिस्टरनं दिलेलं केळं खात घरी जायचे. सगळ्यात शेवटी नवाज केळं सोलत दुकानाकडं परतला.

पूर्वी असं नव्हतं. दवाखान्यातले केरबा दुकानावर फोन करून सांगायचे, अमक्याला पाठव. दोन वर्षांमागं त्यांनी वस्तीतल्या निवृत्तीआबांसाठी असाच निरोप दिला होता. दुकानात पर्यटकांची झुंबड होती. नवाज विसरला, ते आठ दिवसांनी त्याला आठवलं. आबांनी त्या वर्षीची दिवाळी पाहिली नाही. घरच्यांनी त्याला एका शब्दानं विचारलं नाही, तेच त्याला जास्त लागलं. तेव्हापासून निरोप पोचेस्तोवर त्याला अन्न गोड लागत नसे.

आता केरबा निवृत्त झाले आणि बिननावाचे मेसेज यायला लागले. म्हणून नवाज दारोदार फिरला. एकवीस जण आपापली पावती घेऊन दवाखान्यात जाऊन आले. एकाचंही काही निघालं नाही. राहिली होती येसूबाई.

"पाया पडतो, मावशी. आबांचं वझं हाय डोक्यावर. आनखी नगं."

येसूबाई चपला शोधू लागली.

दवाखान्यात त्या दिवशी खिडकीपाशी प्रज्ञेश बसला होता. ज्या कंपनीनं कॉम्प्युटर बसवले, तिचा माणूस. कामं बघायला पुण्याहून आला होता. त्यानं येसूबाईची पावती पाहिली. "आजी, तुमचं सगळं उत्तम आहे."

"बघ!" येसूबाई म्हणाली.

नवाजला हसू आलं नाही. "मग निरोप कुनाचा? मेसेजात नाव का घालत न्हाई तुमी?"

प्रज्ञेश ओशाळला. "मराठी मेसेजात अक्षरं थोडीच बसतात, काका. नाव आम्हीच काढलं. वाटलं, ज्याचा फोन त्याचाच रिपोर्ट, नाव कशाला हवं? गावाकडं एका फोनवर सगळी वस्ती असते, हे आम्ही विचारायला हवं होतं. चुकलंच आमचं."

"आता बोलून काय उपेग?"

"नंबर सांगा. नंबरावरून शोधतो."

नवाजनं नंबर सांगितला. प्रज्ञेशचं बोट यादीवरून खाली सरकत गेलं. बावीस नावांपुढं हिरवी खूण होती. मग बोट थांबलं.

"सापडलं. डॉक्टरांनी लाल खूण केलीय." त्याचा आवाज उतरला. "दीड महिन्यापूर्वीच यायला हवं होतं हो यांनी."

पुन्हा तेच. पुन्हा निरोप आपल्यापाशी आला आणि आपल्यापाशीच अडला. नवाजनं गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरली.

"घर कुनाचं तेवढं सांगा, साहेब. आत्ता घालून आनतो गाडीवर."

"तेविसावं नाव आहे. नवाज मुलाणी," प्रज्ञेशनं वाचलं. "ओळखता का यांना?"