प्रमुखाचा रकाना

फॉर्मवर प्रमुखाचा रकाना एकच होता. त्याच्याखाली बारीक अक्षरात दुसरा होता, ‘उपप्रमुख’, आणि सगळं भांडण त्याच्यावरूनच चाललं होतं.

“मी हिच्या खाली?” सुआद म्हणाली.

“मग मी हिच्या खाली?” इख्लास म्हणाली.

शमिकाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा बावीस. मोर्चांचे अर्ज घेणाऱ्या ऑफिसातल्या बाईने सकाळीच फोनवर बजावलं होतं: आज शुक्रवार, बाराच्या आत प्रमुखाचं नाव आणि सही ईमेलने आली नाही, तर रविवारचा मोर्चा नाही. आणि फ्रँकफर्टमध्ये बारा म्हणजे बारा. बारा पाच नव्हेत.

दीडशे बायका येणार होत्या, कासेलहून, मानहाइमहून. सुदानचा पांढरा तोब साडीसारखा अंगभर गुंडाळून, तोंडातून शब्दही न काढता चालणार होत्या. त्यांचं बॅनर भिंतीला टेकवून ठेवलं होतं. त्यावर अरबीत आणि जर्मनमध्ये एकच वाक्य, सुदानात लढणाऱ्या दोन्ही फौजांना: दोघांनीही थांबा. सुआद एका बाजूकडची, इख्लास दुसऱ्या; या खोलीत सात महिने दर शुक्रवारी बसून दोघींचं एवढ्या एका वाक्यावर एकमत झालं होतं. शमिका सुदानची नव्हे. शेजारच्या खोलीत बाळाला खेळायला घेऊन यायची, एकदा यांचं एक सरकारी पत्र वाचून द्यायला थांबली, ती अडकलीच.

“हिचं नाव वर दिसलं तर माझ्या बायका बसमध्येच चढणार नाहीत,” सुआद म्हणाली. “म्हणतील, ज्यांनी ओमदुरमानमधली आपली घरं लुटली, त्यांच्यातली ही.”

“आणि माझ्या म्हणतील, ज्यांच्या विमानांनी नियालाचा बाजार उडवला, त्यांच्यातली ही.”

“मी विमान चालवते का?”

“मग मी घरं लुटली का?”

“आल्झो... म्हणजे,” शमिका म्हणाली. “आपण असं करूया का, की...”

कुणी ऐकलं नाही. शमिकाची दहा महिन्यांची अन्वी सुआदच्या मांडीवर झोपली होती. सुआदचा आवाज चढत होता, पण तिचा गुडघा एका लयीत हलत होता, आणि अन्वी गाढ झोपेत होती. सकाळपासून अंग जरा कोमट लागत होतं हिचं. शमिकाने तिसऱ्यांदा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

फोन थरथरला. नवऱ्याचा मेसेज. पुष्करने लिहिलं होतं, ‘तुझं नाव कुठे देऊ नकोस हं. नागरिकत्वाचा अर्ज शेवटच्या टप्प्यात आहे. उगाच नको.’

त्या अर्जाची काळजी शमिकाने दर शुक्रवारी या दोघींना ऐकवली होती. अकरा छत्तीस.

“सुआद, चिठ्ठ्या टाकूया?”

“युद्धाच्या चिठ्ठ्या टाकतात का, बित्ती?” सुआद म्हणाली. शमिकाला त्या दोघीही बित्तीच म्हणायच्या, म्हणजे पोरी.

“मग त्या दीडशे जणींना मी काय सांगू? की खाली कोण, यावरून राहिलं?”

“तिला सांग,” दोघी एकमेकींकडे बोट दाखवून म्हणाल्या.

शमिकाने सुआदसमोरचा फॉर्म ओढून घेतला. प्रमुखाच्या रकान्यात लिहिलं: शमिका पुष्कर दाणी. पत्ता लिहिला, सही ठोकली.

“झालं? मी ना इकडची, ना तिकडची. मी चिंचवडची. आता खाली कुणीही बसा, नाहीतर बसू नका!”

खोलीत सगळं थांबलं. सुआदचा गुडघासुद्धा.

“वेडी आहेस का?” दोघी एकदमच म्हणाल्या.

“रविवारी कुणी बाटली फेकली, तर पोलीस कुणाच्या दारात येतील?” इख्लास म्हणाली.

“आणि तुझे कागद अडकले तर?” सुआद म्हणाली. “मांडीवर एवढंसं पोर, आणि निघाली प्रमुख व्हायला!”

“तेच म्हणतेय मी.”

“मग मी काय वेगळं म्हणतेय?”

इख्लासने फॉर्म उचलला आणि उभा फाडला. मग आडवा.

“दुसरा आहे ना?”

“एकच उरलाय,” शमिका म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. अकरा चव्वेचाळीस.

सुआदने अन्वीला उचलून शमिकाच्या हातात दिलं. “ही धर. तू आता एवढंच कर.” मग कोरा फॉर्म स्वतःकडे ओढला, चष्मा लावला. इख्लासकडे न बघता म्हणाली, “वर तुझंच घालते. पोलीस आधी वरच्यालाच बोलावतात.”

“बोलावू देत. पण पूर्ण घाल.”

“वडिलांचं नाव?”

“मुसा.”

“आजोबांचं?”

“आदम.”

“मुसा अजून तिकडेच आहेत?” लिहिता लिहिता सुआदने विचारलं.

“त्या दिवशी बाजारात होते,” इख्लास म्हणाली.

पेन थांबलं. सुआदने चष्मा काढला, तोबच्या पदराने पुसला, परत लावला. मग ‘मुसा’ची राहिलेली अक्षरं एकेक करून लिहिली, शाळेतल्या फळ्यावर लिहावीत तशी. फॉर्म इख्लासकडे सरकवला. इख्लासने सही केली, पण फॉर्म परत दिला नाही. पेन खालच्या रकान्यावर टेकवलं.

“तुझ्या वडिलांचं नाव सांग,” ती म्हणाली. “सावकाश सांग. मला नीट लिहायचंय.”

अकरा त्रेपन्न. शमिकाने अन्वीला खांद्यावर घेऊन घड्याळाकडे पाठ केली.