खिळेवाले टायर

दर हिवाळ्यात विधवा हान्याची पिकअप बर्फावरून घसरून नेमकी नेस्टरच्या फाटकासमोरच्या चरात जायची. विधुर नेस्टर ट्रॅक्टरने ती ओढून काढायचा. मग हान्याला चुलीजवळ बसवून बीटाच्या सूपाचा गरम बोर्श वाढायचा, अन् तासभर गप्पा.

यंदा तिचा मुलगा बोहदान हट्टालाच पेटला. "आई, एकदा जरी चरात गेलीस, तर किल्ली माझ्याकडे!"

टायरच्या दुकानात हान्या म्हणाली, "बर्फाचे टायर दोनच घे, मागच्या चाकांना. तुझ्या देवाघरी गेलेल्या बापाने दोनच टायरांवर चाळीस हिवाळे काढले."

"त्यातले निम्मे चरात काढले," म्हणत त्याने चारही घेतले. वर बर्फात पकड घेणारे खिळेवाले!

पहिलं मोठं बर्फ पडलं. नेस्टरच्या फाटकाअलीकडच्या वळणावर पिकअप तसूभरही घसरली नाही. हान्याने टायर बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारल्या.

 

पुढे फाटकासमोरच्या चरात नेस्टरचा ट्रॅक्टर रुतला होता, अन् शेजारी गुळगुळीत दाढी केलेला नेस्टर हात हलवत उभा होता, "हान्या, जरा ओढून काढतेस का? घाई नाही गं, बोर्श अजून शिजतोय."