मांजराचं मुकं यंत्र

“दोन्ही बाजूंना मतं सारखी पडलीत. आता तुझंच राहिलंय,” तनुजा फोनवर म्हणाली. “आणि तू बसलायस भज्जी खात.”

सुदर्शन खरोखरच भाकरीबरोबर भज्जी खात होता. येळवस होती, रानात पूजा करून पंगत घालायची अमावस्या. चाकूरजवळ, गावाला लागून असलेल्या त्यांच्या रानात कडब्याच्या खोपीसमोर पंगत बसली होती. आई, कावेरीबाई, रस्त्याने जाणाऱ्यांना हाका मारून आंबिल पाजत होती.

सुदर्शन आणि तनुजाने लातुरात एक छोटं क्रिप्टो चलन उभं केलं होतं. नाव नदीचं ठेवलं, मांजरा. त्याच्या नोंदी कुठल्या बँकेत नव्हत्या. ठिकठिकाणच्या लोकांनी घरी चालू ठेवलेल्या संगणकांवर त्यांच्या प्रती होत्या. मोठ्या चलनांनी स्वीकारलेली नवी प्रणाली मांजरानेही घ्यायची का, यावर आज मतदान होतं. घेतली नाही, तर मांजराची खरेदी-विक्री जिथे चाले तो बाजार त्याला काढून टाकणार होता. घेतली, तर ती न बसवलेले संगणक जाळ्यातून कायमचे तुटणार होते.

सगळे बसवणार होते. एक सोडून.

त्या एकाला नाव नव्हतं, नुसता क्रमांक. तो कुठे आहे, कोणाचा आहे, कळायला मार्ग नव्हता. भाव कोसळला त्या साली एकेकाने आपले संगणक बंद केले. सुदर्शननेही केला. महिन्याभराने हिंमत करून त्याने तो पुन्हा लावला, तेव्हा हा एकटा चालू होता. एकही नोंद हरवली नव्हती. तेव्हापासून दर येळवशीला सुदर्शन मांजराच्या चर्चेच्या पानावर त्याचे आभार मानायचा. उत्तर कधीच आलं नाही.

“ज्याच्यामुळं जगलो, त्यालाच तोडू?” तो म्हणाला.

“अरे, तो वाचत बी न्हाई तुझं. येडा हाय का कोण हाय, देव जाणे. थांब, थांब... घे! गेला तुझा दोस्त. आत्ताच बंद पडला. आता तरी हो म्हण.”

सुदर्शनचा घास हातातच राहिला.

शेजारच्या रानातली पाण्याची मोटार थांबली होती. आई तांब्या खाली ठेवून उठली. “लाईट गेली. मला घरी सोड रे जरा.”

“आत्ता? पंगत सोडून?”

“सोड म्हणते न्हवं!”

त्याने मोटारसायकल काढली. दारात उतरताच आई थेट धान्याच्या खोलीत शिरली आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीचा खटका टाकला. सोयाबीनच्या पोत्यांमागे हिरवा दिवा लागला. पंखा घरघरला.

त्याचा कॉलेजातला संगणक. थोरल्या किशनदादाने दूध केंद्रासाठी घेतलेल्या इंटरनेटची वायर त्याला अजून जोडलेली होती. वर खांडेनवमीला अवजारांसोबत पुजताना लावलेली हळदीकुंकवाची बोटं, जुन्यांवर नवी. मांजरा सुरू करताना चाचणीसाठी त्याने असे बरेच संगणक जोडले होते, नुसते क्रमांक देऊन. बाकीचे केव्हाच भंगारात गेले. हाही गेला असेल, असं तो धरून चालला होता.

फोन वाजला. “आला बघ परत तुझा दोस्त,” तनुजा म्हणाली. “काय करतोस मग?”

“माझं मत हो. नवी प्रणाली घेऊ. फक्त घंटाभर दे, आधी याला बसवतो.”

“याला? कोणाला? तू हायस कुठं?”

त्याने फोन ठेवला. यंदाचे आभार अजून मानायचे होते. तो आईकडे वळला, खाली वाकला आणि तिच्या पायांना हात लावला.

“हे काय रे मधीच?”

“आई, इतकी वर्षं हे कशापायी चालू ठेवलंस?”

आई पदराने संगणकावरची धूळ पुसत होती. “तूच म्हणला होतास, मी सांगेस्तोवर बंद करू नको म्हणून. तू सांगितलंसच न्हाई.”